वजनकाट्याच्या खोलीतलं कुलूप

ग्दिन्या बंदरात सात नंबरच्या फाटकापाशी
ट्रक तोलायची खोली.
एक संगणक, तीन पाळ्या, अकरा माणसं.
ज्यानं त्यानं आपल्या नावानं बसायचं,
आपल्या नावानं उठायचं.
निदान ठरलंय तसं.

जानेवारीपासून तक्रार एकच:
दुपारी दोनला बोगुमिवा उठते,
पडदा म्हणतो, बाहेर पडत आहात,
आणि म्हणतच राहतो.
निळं चक्र फिरतं. बाहेर हॉर्न.
पुढच्या पाळीचा लेशेक टोपी हातात घेऊन उभा.
शेवटी तो बटण दाबून धरतो,
कोंबडीची मान मुरगाळावी तसं.
आणि दुसऱ्या सकाळी बोगुमिवाच्या वाट्याला
तात्पुरतं घर:
कोरा पडदा, मुंगीएवढी अक्षरं,
कोपऱ्यात सूचना,
की इथं जे कराल ते मागे उरणार नाही.

मी म्हटलं, बाई, हे तर सगळ्यांनाच लागू आहे.
ती हसली नाही.

आमच्या धंद्यात संशय आधी प्रिंटरवर,
मग अँटिव्हायरसवर, मग हवामानावर.
तिन्ही तपासले.
यंत्राची नोंदवही उघडली:
रोज दोन वाजून अकरा सेकंदांनी तीच पिवळी खूण,
फाइल अजून कोणाच्या तरी हातात आहे.
कोणाच्या, ते नाही.
चहाडी करावी, पण अर्धीच,
एवढं यंत्रालाही कळतं.

फाइल म्हणजे तरी काय,
कोण कुठं बसलं, काय कुठं ठेवलं,
अक्षर केवढं लागतं, माउस किती हळू चालावा.
मालकीण उठली की मिटायची वही.
पण कोणी पानात बोट घालून बसलं
तर ती मिटणार कशी?

गुरुवारी मी शेजारच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो,
कोणाचं बोट आहे ते बघायला.
दोनला चार मिनिटं कमी. यादीत एक नाव:
लुपा.
आमच्याकडे भिंगाला म्हणतात.
परवानगीशिवाय टाकलेला, तिच्याच फोल्डरात दडवलेला
फुकटातला प्रोग्राम.
माउस जाईल तिथलं अक्षर मोठं करतो
आणि आकडे कानात वाचतो.
तिच्या डाव्या कानात नेहमी एक वायर असे.
मला वाटायचं, रेडिओ.

"ढग आले की तिनाचा आठ होतो,"
ती खिडकीकडे बघत म्हणाली.
"चौतीस टन की चौऱ्याऐंशी,
एवढं तरी कळायला नको?"
पेन्शनला चौदा महिने.
"लिहिणार आहेस?"

मी चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली.
निघताना आधी भिंगाला सांगायचं, आता पुरे,
चार सेकंद थांबायचं,
मग वही मिटायची.
अहवालात लिहिलं: कारण प्रिंटर.
त्या गरीब प्रिंटरनं आजवर
पुष्कळ सोसलंय.

घरी जाताना ट्रॉलीबसमध्ये मात्र
ट्रक दिसत राहिले, तोललेले,
कोणी नीट, कोणी तिनाच्या आठावर.
फाइल सुटली खरी,
पण तिच्याजागी मी काय धरून बसलोय
ते कोणत्या यादीत बघायचं?

सोमवारी मी भिंग अकराही जणांना दिलं,
रीतसर, साहेबांची सही घेऊन,
कारणाच्या रकान्यात: सोय.
कोणासाठी ते कळू नये म्हणून.
पुढच्या आठवड्यात सहज आकडे काढले.
चौघं वापरत होते.
लेशेकही.

आमच्या भाषेत निरोप घेताना म्हणतात,
पुन्हा दिसेपर्यंत.
बोगुमिवा तसंच म्हणाली,
कोटाचं बटण चाचपत.
मागं पडदा मिटला होता,
लेशेकनं टोपी खुंटीला अडकवली
आणि कानात वायर घातली.